बसले की हरवणारे आबा

प्रिय ईशा आणि निनाद,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकच प्रश्न आळीपाळीने विचारलात. आजोबांना नावं आठवेनाशी झाली, तर डॉक्टरांनी हृदयाची तपासणी कशाला सांगितली? मी "नंतर सांगते" म्हटलं, कारण ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. आजोबांचे रिपोर्ट आले. काळजीचं काही नाही, एक गोळी तेवढी बदलली आहे. म्हणून आता निवांत लिहिते आहे. हे सगळं माझ्या मेडिकलच्या पुस्तकात होतं आणि परीक्षेत मी त्यावर मार्कही मिळवले होते. तरी मला ते कळलं ते एका रिटायर्ड लोको फिटरमुळे, आणि तेही दोन आठवडे पुरती गोंधळल्यानंतर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तुमचे बाबा तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आपलं बिऱ्हाड शिरूरला होतं, कारण आजोबांची शाळा तिथे. मी दौंड तालुक्यात, राहूपासून तीन-चार मैलांवरच्या एका सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होते. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि शनिवारी शिरूरला यायचं. दवाखान्यात मी, शेख कंपाउंडर आणि एक नर्स. ईसीजीचं मशीन नव्हतं. बीपीचं यंत्र एकच होतं, तेही माझ्या बॅगेत.

एका दुपारी ओपीडी संपत आली होती. अंगणात बैलगाडी थांबली. गाडीत कडब्यावर गोधडी, गोधडीवर लक्ष्मण आबा आडवे. मागे त्यांचा मुलगा प्रल्हाद आणि मुलगी कौसा चालत आलेले, पण दोघांच्या मधे दहा पावलांचं अंतर. आबा माझे जुने पेशंट. दौंडच्या लोको शेडमध्ये त्यांनी तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली, आणि रिटायर झाल्यावर गावाकडे चार एकर घेतली. वाचायला-लिहायला पक्के. विहारात दर पौर्णिमेला तेच वाचून दाखवायचे. महिना-दीड महिन्यापूर्वी मला त्यांचं बीपी जास्त सापडलं होतं, तेव्हापासून माझी गोळी चालू होती.

कौसाने माझ्यापुढे एक कागद ठेवला.

"बाई, आबा शहाणं हायती असं लिवून द्या."

प्रल्हाद मागून म्हणाला, "न्हाईत असं लिवून द्या. जे हाय ते लिवा."

"एका वेळी एक जण बोला," मी म्हटलं. "झालं काय?"

झालं होतं असं. कौसा शिरूर तालुक्यात दिलेली. नवरा वारला आणि दिरांनी तिला आणि तिच्या मुलाला घराबाहेर काढलं. ती भीमा ओलांडून बापाकडे आली. आबांनी ठरवलं, चारातली दोन एकर कौसाच्या नावावर करायची. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली होती, त्यामुळे कुणाची आडकाठी चालणार नव्हती. कागद तयार करून तिघं दौंडला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेले. नंबर लागायला वेळ लागला. आबा दहापासून दीडपर्यंत बाकावर बसून होते. मग साहेबांनी बोलावून विचारलं, "ही बाई कोण?"

आबांनी कौसाकडे बघितलं आणि म्हणाले, "ही नर्स हाय. माझी ड्यूटी कवाची हाय, सायेब?" आणि शेडमधला आपला तिकीट नंबर, म्हणजे हजेरीचा नंबर, सांगितला.

साहेबांनी कागद परत केला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, डॉक्टरचा दाखला आणा.

"हे आजचं न्हाई, बाई," प्रल्हाद म्हणाला. "महिना झाला. बसल्या-बसल्या बरळत्यात. उद्या ह्यांच्या सहीवर कुणीबी कायबी करून घेईल."

"कुणीबी म्हंजी मीच ना?" कौसा म्हणाली. "सरळ म्हन की."

मी आबांना आत आणवलं. प्रल्हादने त्यांना उचलून टेबलावर निजवलं. बीपीचा पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे सत्तर. पायाला थोडी सूज. नाडी मिनिटाला अठ्ठेचाळीस. वय झालं की मंद होते, असं म्हणून मी ती सोडून दिली.

मग प्रश्न विचारले. नाव, वार, गाव, मुलं किती.

"दोन," आबा म्हणाले. "ती समोर उभी हायती, भांडायला सोकावलेली. बाई, माझी परीक्षा घेताय व्हय?"

"घेतेय. सत्त्याण्णवातून सात वजा करा."

"नव्वद. आता तुमी मला सांगा, इंजनाच्या सेफ्टी व्हॉल्वला किती प्रेशर लागतं?"

मला येत नव्हतं. शेख कंपाउंडर खो-खो हसले. आबांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चाललं होतं.

मी प्रल्हादकडे बघितलं. तो खाली मान घालून उभा होता. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं, ते तुम्हाला खरं सांगते. याला दोन एकर बहिणीला द्यायची नाहीत, म्हणून हा बापाला वेडा ठरवतो आहे.

दाखला मात्र मी लगेच दिला नाही. साहेबांसमोर जे घडलं होतं ते तर खोटं नव्हतं. एखाद्या वेळी बीपी फार वाढून माणूस गोंधळतो, तसं असेल असं वाटलं. म्हणून मी एकाच्या दोन गोळ्या केल्या आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं.

आठ दिवसांनी प्रल्हाद एकटाच आला.

"लई बिघडलंय, बाई. काल मला म्हनत हुते, शंटिंग झालं का."

"मी उद्या घरी येते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेले. आबा अंगणात बाजेवर आडवे, धुतलेलं धोतर, उशाशी पाण्याचा तांब्या. पुन्हा सगळे प्रश्न, पुन्हा सगळी उत्तरं बरोबर. बीपी एकशे साठ. त्यांनी उलट मलाच विचारलं, तुमच्या मिस्टरांची बदली झाली का. मी प्रल्हादला बाजूला घेतलं आणि जरा कडक आवाजात बोलले.

"प्रल्हाद, वडिलांना चांगलं कळतंय. तुम्ही उगीच कागद अडवू नका."

त्याचा चेहरा उतरला. सीझनला तो पाटसच्या बाजूला साखर कारखान्यात जायचा, तगडा माणूस. पण डोळ्यांत पाणी आलं.

"मला जमीन नको, बाई. दोन एकर आक्काला द्यायची हे मीच पयल्यांदा बोललो हुतो. पर आज आबा हो म्हनत्यात आन् उद्या न्हाई म्हनत्यात. भुलीत सही घेतली आन् उद्या तिच्या दिरांनी कोर्टात ओढलं तर? जमीन मिळाली तर ती नवऱ्याचा वाटा मागंल, ही भीती हाय त्यांना. जमीन बी जाईल आन् आबाला भरकोर्टात येडं म्हनतील. तुमी एक करा. येताना सांगून येऊ नका."

मी हो म्हटलं, पण विश्वास बसला नव्हता. घरी येताना डोक्यात एकच चक्र. मुलगा खोटं बोलतोय म्हणावं, तर सब-रजिस्ट्रारचं काय? साहेब खरे म्हणावे, तर माझ्या दोन तपासण्यांचं काय? शिरूरला त्या शनिवारी मी आजोबांनाही विचारलं. ते म्हणाले, "तू आणि ते साहेब दोन वेगळी माणसं तपासताय असं वाटतंय." मी चिडले. उत्तर तेच होतं, पण मला ते दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात कासुर्डीकडून लसीकरण आटपून जीपने परत येत होते. अकराचा सुमार. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी आबांच्या वस्तीकडे घे.

आबा ओट्यावर लाकडी खुर्चीत ताठ बसले होते. डोक्याला फेटा, हात मांडीवर. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आबा, ओळखलंत का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीतून उठायला लागले. "सायेब, बॉयलर धुवून झाला. तिकीट नंबर सांगू का?"

चेहरा पांढुरका, कपाळावर घाम. चार दिवसांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या बदलीची चौकशी करणारा हाच माणूस.

एवढ्यात कौसा चुलीपासून धावत आली. मला बघून ती दचकली आणि आत ओरडली, "पल्हाद, बाई आल्या! आबाला निजव आधी!"

प्रल्हाद आला. दोघांनी आबांना उचललं, बाजेवर आडवं केलं, धोतर सारखं केलं, उशाशी तांब्या आणून ठेवला. मी बॅग उघडून पट्टा काढत होते. पट्ट्याची नळी गुंडाळली होती, ती सोडवण्यात तीन-चार मिनिटं गेली असतील.

बाजेवरून आवाज आला, "बाई, कवा आला? कौसे, चहा टाकला का न्हाई?"

मी नळी तशीच सोडून कौसाकडे वळले.

"तुम्ही यांना निजवलंत का?" मी कौसाला विचारलं.

"म्हंजी काय? तुमी आला न्हवं?"

"मी आले म्हणून?"

"डाक्टर आल्यावर पेशंट आडवा पायजे," आबाच बाजेवरून म्हणाले. "नोकरीत हुतो तवा मी दौंडला दवाखान्यात पडलो हुतो. सायेब राउंडला आले की सिस्टर वराडायची, सगळे बेडवर! बसलेला दिसला की बोलनी बसायची."

घरात हा नियमच झाला होता. डॉक्टर दिसला की आबा आडवे. दवाखान्यात आणायचे तेही गाडीत आडवे. पुढे माझं टेबल, तेही आडवंच. सब-रजिस्ट्रारला मात्र बसलेले आबा भेटले होते. मुलाला दिवसभर भेटायचे तेही बसलेलेच, कारण रेल्वेत नोकरी केलेला माणूस दिवसा लोळत नाही, हा आबांचा स्वतःचा नियम.

मी बीपी घेतलं. आडवे असताना एकशे पन्नास. त्यांना बसवलं, दोन मिनिटं थांबले, पुन्हा घेतलं. पंच्याऐंशी. मला वाटलं पट्टा सैल आहे. परत बांधला. ब्याऐंशी. नाडी होती तेवढीच, अठ्ठेचाळीस. एरवी माणूस उठून बसला की हृदय जरा जोरात पळतं आणि खाली उतरलेलं रक्त वर ढकलतं. आबांचं हृदय जागचं हललं नव्हतं.

दहा मिनिटांनी मी विचारलं, "आबा, ही कोण?"

"नर्स," आबा म्हणाले.

कौसाने तोंडाला पदर लावला. आडवं केलं. पाचव्या मिनिटाला, "कौसे, रडायला काय झालं तुला?"

मी ते एकूण तीनदा केलं. तिसऱ्यांदा प्रल्हाद म्हणाला, "बाई, बास करा. म्हातारा मानूस हाय." त्याचं बरोबर होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मेंदू सगळ्यात उंचावर असतो आणि त्याला सतत रक्त लागतं. ते चढवायचं काम हृदयाचं. तरुणपणी हृदयाकडे भरपूर जोर शिल्लक असतो, म्हणून आपण खुर्चीत असू किंवा शिडीवर, वर सारखंच पोचतं. वय झालं, हृदय कमजोर झालं, रक्तवाहिन्या ताठ झाल्या की हा जोर पुरत नाही. माणूस बेशुद्ध पडत नाही, नुसता अंधुक होतो. नावं जातात, वेळ जाते, जुनं तेवढं उरतं. लोक त्याला म्हातारपण म्हणतात. मीही म्हटलं असतं. मी हे सगळं त्या ओट्यावर समजावून सांगितलं. आबांनी ते नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी स्टीम कमी पडती," ते म्हणाले. "सपाटीला गाडी पळती, चढाला दम टाकती."

"बरोबर."

"मग बॉयलर बघायचा. डोक्यात काय शोधताय?"

आता माझी चूक सांगते. आबांचं बीपी मी नेहमी आडवं असतानाच घेतलं, ते जास्त दिसलं, म्हणून ते उतरवायची गोळी दिली. त्या गोळीने नाडीही मंद होते. बसल्यावर आधीच कमी पडणारा दाब मी आणखी कमी केला होता, आणि ते गोंधळायला लागले म्हणून गोळी दुप्पट केली. प्रल्हाद म्हणाला होता "महिना झाला". मी गोळी सुरू केल्याची तारीख केसपेपरवर माझ्याच अक्षरात होती. ती मी बघितली नव्हती.

गोळी हळूहळू बंद केली. पुण्याला एका ओळखीच्या फिजिशियनकडे पाठवून ईसीजी काढला. कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता, आबांना हार्ट अटॅक येऊन गेला होता आणि हृदयाचा एक भाग निकामी झाला होता. त्या काळी त्यावर करण्यासारखं फार नव्हतं. पायांना पट्ट्या बांधा, उठताना घाई नको, जेवणानंतर तासभर आडवं व्हा. तीन आठवड्यांत फरक दिसला. आबा अर्धा-पाऊण तास बसू शकायचे. त्यापुढे मात्र तिकीट नंबर सुरू.

दाखला अजून बाकी होता. एव्हाना कौसाच्या दिरांना बातमी लागली होती आणि "म्हाताऱ्याला वेड लागलंय" असं ते गावभर सांगत होते. मी वरिष्ठांना फोन लावला. ट्रंक कॉल, अर्धा तास थांबून लागला.

"मॅडम, पेशंट साउंड माइंडचा आहे की नाही? एका शब्दात."

"सर, आडवा असताना आहे."

"हे मेडिकल ओपिनियन आहे का?"

"हो सर."

"मग लिहून तुम्ही द्या. माझं नाव घालू नका."

मी तसंच लिहून दिलं, मोजलेल्या आकड्यांसकट. तो कागद घेऊन मी स्वतः दौंडला गेले. सब-रजिस्ट्रारनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला.

"डॉक्टरबाई, माझ्या कायद्यात आडवा माणूस आणि उभा माणूस असे दोन प्रकार नाहीत."

"पण जो येऊ शकत नाही त्याच्या घरी तुम्ही जाऊ शकता ना?"

"जाऊ शकतो. अर्ज द्या. पण मला शंका आली तर कागद करणार नाही, हे आत्ताच सांगतो."

ते आले, कारकुनासह. अंगणात बाज, बाजेवर आबा. साहेबांनी मुलंबाळं विचारली, जमीन कुठली, कुणाला, किती. आबांनी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं सांगितली, वर कुठला बांध कुणी कोरलाय तेही सांगितलं. साहेबांनी कागद पुढे केला.

आणि आबा उठायला लागले.

"आबा, पडून ऱ्हावा," कौसा म्हणाली.

"गप. सरकारी सायबापुढं आडवा पडून सही करू? तीस वर्स नोकरी केली मी."

मी काही म्हणायच्या आत प्रल्हाद पुढे झाला आणि त्याने आबांचे दोन्ही खांदे धरून त्यांना बाजेवर दाबलं. "न्हाई उठायचं. उठलात तर आक्का उघड्यावर पडंल. आडवं पडा म्हंतो ना!"

साहेब ताडकन उभे राहिले. "हे काय चाललंय? दाबून सही घेताय? डॉक्टरबाई, तुमच्यासमोर?"

मी सांगायला गेले की मुलगा दाबतोय ते बापाने सही करावी म्हणून, आणि सही झाली तर त्याच्याच वाट्याची दोन एकर कमी होणार आहे. ते ऐकून साहेब आणखी गोंधळले. शेवटी त्यांनी सगळ्यांना कुंपणाबाहेर काढलं. मी तेवढी राहिले, बाजेपासून लांब, तोंड न उघडण्याच्या अटीवर.

साहेबांनी खुर्ची बाजेजवळ ओढली. "बाबा, तुम्हाला कुणी जबरदस्ती केली आहे का?"

"केली की," आबा म्हणाले. "पोरगा उठू देत न्हाई."

मी एक पाऊल पुढे टाकलं, पण अट आठवून तिथेच थांबले.

"जमीन द्यायची जबरदस्ती केली का?"

"त्याची कशाला? जमीन माझी हाय. पोरगी माझी हाय. सायेब, पडून सही केलेली चालंल का तुमाला? बसलो तर ही बाई म्हनती माझी स्टीम जाती."

साहेब पहिल्यांदा हसले. "चालेल."

उताणं पडून शाईचं पेन चालेना, म्हणून आबा कुशीवर वळले आणि कागद कोपराखाली धरून पूर्ण नाव लिहिलं. सही वाकडी आली, पण अक्षरं सगळी होती. साक्षीदार म्हणून प्रल्हादने सही केली. कारकून त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनेच बघत होता.

आबा त्यानंतर दोन वर्षं होते. पुरते बरे कधीच झाले नाहीत. बसून फार वेळ झाला की कौसा पुन्हा नर्स व्हायची. तिने त्याचं वाईट वाटून घेणं सोडलं होतं. "या आबा, आडवं व्हा, मंग लेक हुते मी," असं म्हणायची.

प्रल्हादची मी माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई. मलाबी वाटत हुतं, तुमी आक्काच्या बाजूनं खोटं बोलताय."

त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत मी प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटचं बीपी दोनदा घेतलं, एकदा निजवून आणि एकदा उभं करून. ओपीडीला वेळ लागायचा, शेख कंपाउंडर कुरकुर करायचे. घरचे लोक एक सांगतात आणि आपली तपासणी दुसरं सांगते, तेव्हा घरच्यांना खोटं ठरवण्याआधी आपण कशी तपासणी केली ते बघावं. मी जे शिकले ते एवढंच.

कौसा चार वर्षांपूर्वी गेली. दिरांनी कोर्टात जायची भाषा पुष्कळ केली, गेलं कुणी नाही. ती दोन एकर तिच्या मुलाच्या नावावर आहेत आणि यंदा त्यात ऊस उभा आहे.

तुमची,
आजी